हेड्रियनची अलेक्झांड्रिया: नववं वर्ष मिळालं

वर्षवार संचातली एक अडून बसलेली जागा भरली. रोमन सम्राट हेड्रियनचा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा टेट्राड्राख्म (चार द्राख्मांचं नाणं), राजवटीचं वर्ष ९, म्हणजे इ. स. १२४-१२५. वजन १२.९ ग्रॅम, चांदी हिणकस, मागे डोक्यावर धान्याचं माप घेतलेला सेरापिस देव. चेहरा बराच झिजलाय, पण मला तारखेशी मतलब.

विक्रेत्याच्या चिठ्ठीवर मात्र ‘वर्ष ५’ होतं, आणि भावही त्याच हिशेबाने. आकडे ग्रीक अक्षरांत असतात; वर्षाच्या खुणेपुढे (L) नुसता एप्सिलॉन (Ε, म्हणजे ५) असेल तर पाचच. पण नवव्या वर्षासाठी तिथे थीटा (Θ, म्हणजे ९) यायला हवा, तो ही टांकसाळ सहसा टाळते. ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू, त्याचं आद्याक्षर नको, असं कारण सांगतात. त्याऐवजी ‘एनातू’ (नववं) हा अख्खा शब्द कोरायचे, आणि त्याची सुरुवातही एप्सिलॉननेच. टॉर्च अगदी आडवा धरल्यावर त्यापुढे न्यू (Ν) अक्षराचे दोन उभे दांडे आणि अल्फाचा शेंडा दिसला. आरपीसीच्या (रोमन प्रांतिक नाण्यांची सूची) ऑनलाइन फोटोंशी ताडून पाहिलं, मगच पैसे मोजले. झिजलेल्या ‘पाचव्या’ वर्षांकडे जरा संशयाने बघत चला, एवढंच सांगेन.

नव्या मंडळींसाठी: इजिप्तचं वर्ष २९ ऑगस्टच्या आसपास बदलतं. हेड्रियन गादीवर आला ११ ऑगस्ट ११७ ला, त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष अडीच आठवड्यांत आटोपलं. माझी यादी म्हणूनच २ ते २२ अशी आहे.

नाईल देवतेच्या द्राख्मवर वर दिसणारा १६ चा आकडा मात्र वर्षात धरू नका. शेजारी वर्षाची खूण नसेल तर ते पुराचे सोळा हात, भरघोस पिकाची पातळी.

ही नाणी भारतात का सापडत नाहीत, असं एकाने विचारलं होतं. इजिप्तचं चलन इजिप्तपुरतंच होतं. भडोच, सोपाऱ्याचा माल अलेक्झांड्रियामार्गे रोमला जायचा, पण आपल्याकडे मिळतात ती बहुतेक सोन्याची ऑरियस आणि चांदीची दिनारं.

आता वर्ष १५. बादशहा स्वतः इ. स. १३० मध्ये इजिप्तमध्ये होता, म्हणून त्या वर्षावर सगळ्यांचाच डोळा. चांगली प्रत परवडणार नाही. तारीख वाचता येईल असं घासलेलं नाणं कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा. बदल्यात प्रोबस या नंतरच्या सम्राटाचे गरुडछाप टेट्राड्राख्म देईन.