चौकोनी पोटाच्या माद्या

हिवताप विभागात आरोग्य सेवक म्हणून मला ११ वर्षं झाली. पावसाळा तोंडावर आला की पैदास टाकीतून गप्पी मासे काढायचे आणि गावोगावच्या विहिरींत, हौदांत सोडायचे. गप्पी डासअळ्या खातो आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतो. म्हणून मी नेहमी टम्म पोटाच्या माद्याच वेचायचो. एक मादी सोडली की वीस-पंचवीस पिल्लं आपोआप होतील, असा हिशेब.

त्या दिवशी ४० माद्या घेऊन तासभर खडबडीत रस्त्यानं गेलो. विहिरीपाशी बादलीचं झाकण काढलं तर तळाशी पांढुरके कण वळवळत होते. तळहातावर घेऊन पाहिले. डोळे आलेले, शेपटी हलणारी, पण पोटाला पिवळ्या बलकाचा थेंब तसाच चिकटलेला. हिसक्यांनी दिवस भरायच्या आत पडलेली पिल्लं. फारच थोडी जगली.

विहिरीच्या मावशी वाकून बघत होत्या. "भाऊ, हिचं पोट असं चौकोनी का हो?"

पिल्लं बाहेर यायला टेकली की गप्पीचं पोट असंच खाली कोन काढतं. झेब्रा माशाची मादी अंडी टाकून मोकळी होते. ही महिनाभर सगळा भार अंगात वागवते. शेवटी गर्भ पाणी धरून फुगतात, शेपटीजवळचा काळा डाग ताणला जातो आणि मूळचं निमुळतं अंग बोजड होतं.

उरलेल्या माद्या सोडल्या. तेवढ्यात कपारीतून दिवड या पाणसापाचं पिल्लू आलं. विहिरीतले जुने, सडपातळ नर डोळ्यांदेखत पांगले. जड माद्याही वळल्या, पण सावकाश. दोन गेल्या.

गप्पीच्या मूळ मुलखातल्या, त्रिनिदादच्या माद्यांवरचं २००४ साली छापून आलेलं संशोधन मी नंतर वाचलं. गरोदरपण पुढे सरकतं तशी मादीची झटक्यात निसटण्याची चपळाई घटते, असंच त्यात मोजलेलं. फ्लोरिडाकडचा हेटरँड्रिया फॉर्मोसा हा इवलासा मासा याच कुळातला, पण त्याच्या मादीच्या पोटात एका वेळी वेगवेगळ्या वयाची पिल्लं वाढतात. थोडी थोडी जन्मतात, त्यामुळे सगळा भार एकदम येत नाही. मला त्या मादीचं फार अप्रूप वाटतं.

आता फुगलेल्या माद्या मी टाकीतच ठेवतो आणि नुकत्याच व्यालेल्या, बारीक अंगाच्या नेतो. नराचं बीज त्यांच्या पोटात कित्येक महिने टिकतं, त्यामुळे पुढची वीण चुकत नाही.