काचेवरचे पांढरे ठिपके

घरोघरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. ठाण्यातील एका सेवानिवृत्त गृहस्थांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या टाकीच्या काचेवर हलणारे बारीक पांढरे ठिपके दिसू लागले होते. दुकानदाराने फोटो पाहूनच पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे निदान करून तांब्याचे औषध त्यांच्या हाती ठेवले होते. मी एवढेच म्हटले, “काका, मी येईपर्यंत औषधाला हात लावू नका.”

तो रोग माशाच्या अंगावर आणि परांवर दिसतो. इथे मासे स्वच्छ होते आणि ठिपके काचेवर होते. शिवाय तांबे माशांना सोसेल इतक्या मात्रेतही, म्हणजे लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम असले तरी, कोळंबी, गोगलगायी आणि कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव यांचा बळी घेऊ शकते, आणि तळाची चुनखडीची वाळू ते शोषून घेते. मला खरी चिंता होती ती मँडरिन माशाची. दिवसभर कोपेपॉड टिपणाऱ्या त्या माशाचे पोट खपाटीला गेले होते.

टाकीचे दिवे मालवून मी विजेरीचा झोत काचेवर तिरपा धरला. कोपेपॉड असते तर झटके देत पळाले असते आणि चपटकृमी असते तर सपाट घसरत गेले असते. हे ठिपके मात्र एकेक पाय उचलून चालत होते. काकांना ती ताऱ्यामाशांची पिल्ले वाटत होती. तसा समज होणे स्वाभाविक आहे, कारण टाक्यांमध्ये नखाएवढे तारामासे खरोखरच वाढतात.

ड्रॉपरने दोन-चार ठिपके काचेच्या बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि शंका फिटली. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चपट्या तबकडीभोवती स्पर्शिका होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन फाटे फुटलेले होते. खालच्या फाट्याच्या टोकाशी चिकटून धरणारी गादी होती, वरच्यावर डंखपेशींच्या गाठी होत्या आणि स्पर्शिकांच्या मुळाशी गडद नेत्रबिंदू होते. ही जेलीफिश होती. पोहण्याचे सोडून चालणे पत्करलेली, स्टॉरोक्लेडिया नावाच्या गटातली. बशीतली एक तर मधोमध आवळली जाऊन दोन होण्याच्या बेतात होती. जोडीदाराशिवाय त्यांची संख्या अशी भराभर का वाढते, ते काकांनी भिंगातून स्वतःच पाहिले. तिच्या शेजारच्या जेलीफिशने एक कोपेपॉड पकडून ठेवला होता, त्यामुळे मँडरिनच्या उपासमारीत या पाहुण्यांचाही वाटा असावा, हे माझ्या लक्षात आले.

आता प्रश्न उरला तो त्या आल्या कुठून. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे काकांनी टाकीसाठी प्रवाळाचे नव्हे, सिरॅमिकचे दगड घेतले होते आणि ते कोरडेच टाकीत गेले होते. दगडांवरचा संशय गेल्यावर काकांना आठवले, की दुसऱ्या एका हौशी माणसाकडून त्यांनी हिरव्या शैवालाचा गुंता आणला होता. या जेलीफिशची पॉलिप अवस्था, म्हणजे एका जागी चिकटून राहणारे आधीचे रूप, इतकी बारीक असते, की शैवालाला चिकटून ती सहज घरात शिरते. अशी फुकटची भेट आधी वेगळ्या बादलीत ठेवून पाहावी, हे मी ग्राहकांना सांगून थकलो आहे.

औषध बाजूला राहिले. हवेच्या बारीक नळीने काचेवरच्या जेलीफिश ओढून काढल्या, शैवाल बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकले, कारण ते खाडीत किंवा गटारात सोडणे योग्य नव्हे, आणि गाळणीला २०० मायक्रॉनची पिशवी लावली. माशांना जास्तीचे खाद्य देणेही थांबवायला सांगितले, कारण त्या उरल्यासुरल्या अन्नावरच इतर बारीक जीव वाढतात आणि जेलीफिशना आयते भक्ष्य मिळते. मँडरिनसाठीचे कोपेपॉड आता टाकीबाहेर बरणीत वाढतात आणि रोज थोडे-थोडे सोडले जातात. जेलीफिश समूळ जातील असे आश्वासन मी दिलेले नाही. दगडांच्या खाचांत पॉलिप उरले असणारच, म्हणून प्रत्येक फेरीत गाळणीची पिशवी भिंगाखाली तपासणे आता माझ्या कामात धरले आहे.