तुम्ही विचारलंत म्हणून: ताप नसताना ती बंदूक कशाला?

गच्चीवर, स्वयंपाकघरात किंवा गाडीच्या चाकापाशी मी उकिडवा बसलेला दिसलो आणि हातात ती न टेकवता तापमान दाखवणारी पिवळी बंदूक (इन्फ्रारेड थर्मामीटर) असली, की 2020 सालापासून लोक एकच विनोद करतात: ‘‘घरात कोणाला ताप आलाय का?’’ त्या विनोदावर हसणे मी केव्हाच सोडून दिले आहे. दुसरा प्रश्न नातेवाइकांचा असतो आणि तो आवाज खाली आणून विचारला जातो: दादाच्या पिठाच्या गिरणीत तेवढे सगळे होऊनही मी हे यंत्र अजून कसे काय बाळगतो? दोन्ही प्रश्नांना अर्धीमुर्धी उत्तरे देऊन मी थकलो आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

माझे यंत्र कपाळाचे नाही. ते कारखान्यांत वापरतात त्या जातीचे आहे आणि उणे 50 पासून 380 अंश सेल्सिअसपर्यंत आकडे दाखवते. त्यातला लाल ठिपका केवळ नेम धरण्यासाठी असतो. त्यातून अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर पडत नाहीत. उलट, प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागातून जे किरण बाहेर पडतच असतात ते हे यंत्र गोळा करते आणि त्यांवरून तापमानाचा अंदाज बांधते. अंदाज हा शब्द मी आज लिहितो आहे. घेतले तेव्हा मी ‘मोजते’ असे म्हणत होतो.

आता उपयोगांचे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी किती उरली हे मी याने पाहतो. तासभर शेगडी चालू राहिली की आतला द्रवरूप गॅस उकळताना लागणारी उष्णता स्वतःतून आणि टाकीच्या पत्र्यातून ओढून घेतो. त्यामुळे द्रव जिथवर आहे तिथवरचा पत्रा वरच्या भागापेक्षा काही अंशांनी थंड होतो. यंत्र वरून खाली नेताना आकडा जिथे एकदम घसरतो, तिथे गॅसची पातळी. ओले फडके फिरवले की खालचा भाग उशिरा वाळतो आणि तेवढ्यानेही हे समजते, असे माझी पत्नी सांगते. ते खरे आहे, आणि फडक्याला बॅटरी लागत नाही हेही खरे आहे. पण दह्यासाठी विरजण लावताना दूध ढवळून घेऊन 42 अंशांवर आणले, तर दही थंडीतही बिघडत नाही, हे तिनेही मान्य केले आहे. ढवळणे मात्र आवश्यक, कारण यंत्राला फक्त पृष्ठभाग दिसतो आणि दुधाचा पृष्ठभाग आतल्या दुधापेक्षा आधी निवतो. गाडी घाटातून उतरली की मी चारही चाकांच्या मधल्या भागाचे आकडे घेतो. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक चिकटत असण्याची शक्यता असते. भिंतीत ओल कुठवर चढली आहे हेही रंग फुगण्याआधी कळते, कारण ओल सुकत असताना तेवढा भाग गार पडतो.

सगळ्यांत जास्त मी गच्चीत रमलो. एका एप्रिलमध्ये अर्ध्या गच्चीला चुना लावला आणि दुपारी दोन वाजता दोन्ही भागांचे आकडे घेतले: उघडा कोबा 57, चुन्याखालचा 44. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा चुना या यंत्राच्या लेखी जवळजवळ काळाच असतो, म्हणजे स्वतःचे अवरक्त किरण भरपूर सोडतो, त्यामुळे तो आकडा विश्वासार्ह होता. त्याच दुपारी मी शेजारच्या शेडवरच्या कोऱ्या, चकचकीत पत्र्यावर नेम धरला. यंत्राने 21 दाखवले. हात टेकवता येणार नाही असा तापलेला पत्रा, आणि 21! चकचकीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि समोरच्या गोष्टीचे आरशासारखे परत पाठवतो. त्या क्षणी यंत्र पत्र्यातून थंड आकाश पाहत होते. मी हसलो, सगळ्यांना तो आकडा सांगितला आणि विसरून गेलो. गिरणीच्या प्रकरणात मला काही माफ करता येत नसेल, तर ते हे विसरणे.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, भाजणीच्या डब्यांची रांग गिरणीच्या पायरीपर्यंत आली होती. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मेन स्विचपाशी जळकट वास येतोय दोन दिवस.’’ दादा म्हणाला की पिठाचा असेल. मी ऐटीत बंदूक काढली. वायरमनला बोलावून झाकण उघडायला लावले आणि भीतीपोटी दोन हात लांब उभे राहून तिन्ही फेजच्या पितळी लगांवर, म्हणजे वायरींच्या टोकांना बसवलेल्या जोडांवर, नेम धरला: 36, 36, 42. ‘‘बेचाळीस म्हणजे काहीच नाही, ठीक आहे,’’ असे मी म्हणालो. वहिनी म्हणाल्या, ‘‘पण वास येतोय.’’ त्यावर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते: ‘‘वहिनी, नाकापेक्षा यंत्र बरं.’’

पाचव्या दिवशी तिसऱ्या फेजचे कनेक्शन जळून तुटले. मोटर उरलेल्या दोन फेजवर घरघरत राहिली आणि तिचे वाइंडिंग जळाले. धूर पाहून दादाने मेन स्विचचा दांडा ओढला, तेव्हा त्याचा उजवा पंजा भाजला. चार दिवस गिरणी बंद राहिली, लोकांचे डबे टेम्पोत घालून दुसऱ्या गिरणीत पाठवावे लागले, आणि त्या वर्षी आमच्या घरात चकल्या झाल्या नाहीत. दादा मला एवढेच म्हणाला, ‘‘तू ठीक म्हणाला होतास ना?’’

माझी बाजू मी अनेकदा मांडून पाहिली आहे. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा प्रवाह वाहू लागला की मोटर बंद करणारा भाग, मोटर जळण्याआधी सुटायला हवा होता. त्याची मर्यादा कोणीतरी पूर्वीच वाढवून ठेवली होती, हे नंतर उघड झाले. लग नीट आवळणे हे वायरमनचे काम होते. हे सगळे खरे असूनही उपयोगाचे नाही, कारण त्या दिवशी दादाला निर्धास्त केले ते मी. माझ्या यंत्रात उत्सर्जकता 0.95 अशी कायमची बसवलेली आहे, म्हणजे समोरची वस्तू जवळजवळ सगळे किरण सोडणारी आहे असे ते गृहीत धरते. चकचकीत पितळ त्याच्या एक-अष्टमांशही सोडत नाही. 33 अंशांच्या खोलीत अशा पितळेवर 42 दिसले, तर खरे तापमान नव्वदच्या आसपास असू शकते. शिवाय माझ्या यंत्राचे प्रमाण बारास एक आहे: 60 सेंटिमीटरवरूनही ते 5 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी घेते, आणि लग होता बोटाएवढा. लाल ठिपका बरोबर लगावर होता म्हणून मी निःशंक होतो.

तरीही मला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच. आकडे खोटे असले तरी त्यांच्यातला फरक खरा होता. तीन सारख्या लगांपैकी एक सहा अंशांनी वर होता, आणि एकाच भाराच्या तीन फेजमध्ये तसे होण्याचे कारण शोधायला हवे होते. यंत्राने मला सांगितले होते. मी बेचाळीसकडे पाहिले, छत्तीसकडे पाहिले नाही. असे म्हटले की यंत्र निर्दोष ठरते आणि दोष माझ्याकडे येतो, म्हणून कदाचित मला हा युक्तिवाद आवडत असावा. कारण यंत्र टाकून द्यायचे नाही हे मी आधीच ठरवलेले आहे. पत्नीने हे नेमके ओळखले आहे.

नवा स्विच बसवताना, लाइन पूर्ण बंद असताना, मी वायरमनकडून प्रत्येक लगावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून घेतला. टेपची उत्सर्जकता यंत्राच्या गृहीतकाच्या जवळची असते, त्यामुळे जवळून नेम धरला तर आकडा बराचसा खरा येतो. आता गावी गेलो की गिरणी भरात चालू असताना वायरमनला झाकण उघडायला सांगतो, आधी वहिनींना विचारतो की वास येतोय का, मग तीन आकडे घेतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह पेन्सिलने लिहितो. मागच्या खेपेला 47, 49, 47 आले. मी ते वाचून दाखवले.

‘‘म्हणजे ठीक आहे ना?’’ दादाने विचारले.

‘‘सत्तेचाळीस, एकोणपन्नास, सत्तेचाळीस,’’ मी पुन्हा म्हणालो.

‘‘अरे, ठीक आहे की नाही ते सांग!’’ तो चिडला. वायरमन झाकण हातात धरून उभा होता. मी मधल्या लगावर पुन्हा एकदा नेम धरला.