खाकी कागदाची जमीन: कागद बसला, आता पीयूचे हात

माळ्यावरच्या खोलीतील जुन्या कोब्यावर खाकी कागद चिकटवून जमीन सजवण्याचे काम आता अर्ध्याच्या पुढे गेले आहे. कागद पूर्ण बसून सुकला असून त्यावर पीयूचे, म्हणजेच पॉलियुरेथेन या पारदर्शक, टणक वार्निशचे, हात (थर) देणे सुरू आहे. वह्यांना कव्हर घालण्यासाठी वापरला जातो तोच हा कागद. अमेरिकेतील हौशी मंडळी किराणा सामानाच्या कागदी पिशव्या फाडून असे काम करतात, परंतु आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जात असल्यामुळे कागदाच्या खालचा कोरडेपणा आणि वरचा लेप या दोन गोष्टींकडे आपल्याला अधिक कडकपणे पाहावे लागते.

तळमजल्यावरची खोली मी मुद्दाम टाळली. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. जमिनीतून ओल चढली तर फेविकॉलची पकड सुटते आणि वाळवीला आयते खाद्य मिळते. माळ्यावरही पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने कोब्यावर बंद करून एक दिवस-रात्र तसाच ठेवला आणि आत थेंब साचत नाहीत, कोबा काळवंडत नाही, हे पाहूनच पुढे गेलो. त्यानंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढला, भेगांत लांबी (पुट्टी) भरली आणि घोटून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरने खरवडला. पावसाळ्यात या कामाला हात न घालणेच बरे.

खरी गंमत कागदाची आहे. कापलेली कड सरळ राहते आणि लेपाखालीही रेघेसारखी उठून दिसते. फाडलेल्या कडेचे तंतू मात्र विरळ होत जातात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळतात. म्हणून तळहातापेक्षा थोडे मोठे, वेडेवाकडे तुकडे हाताने फाडावेत आणि कारखान्यात कापलेल्या सरळ कडांचे तुकडे भिंतीलगतच्या ओळीसाठी वेगळे काढून ठेवावेत. प्रत्येक तुकड्याचा घट्ट बोळा करून तो पुन्हा उलगडल्याने कागदाचा ताठरपणा मोडतो आणि पडलेल्या चुण्या पुढे रंग जास्त शोषतात. चामड्यासारखा किंवा दगडासारखा भास होतो तो या चुण्यांमुळेच.

फेविकॉल आणि पाणी समभाग घेऊन बादलीत एकजीव केले. ओला झाल्यावर कागद फुगतो, आणि तो एका दिशेने दुसऱ्या दिशेपेक्षा अधिक फुगतो. त्यामुळे तुकडा बुडवताच चिकटवला तर तो जमिनीवर फुगत राहतो आणि पोटात हवा धरतो. थोडा वेळ मुरू देऊन, हलकेच निथळवून, साधारण इंचभर एकावर एक येईल असा बसवला आणि मधून कडेकडे तळहाताने दाबत नेला, की सुकताना तो आपोआप आवळला जातो. ओला असताना दिसणाऱ्या बारीक सुरकुत्यांनी घाबरून जाऊ नये.

कागदाची जमीन ही निव्वळ स्वस्तातली तडजोड आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कोरियातील जुनी घरे आठवावीत. तेथे चुलीची धग जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरवणाऱ्या ओन्दोल पद्धतीच्या खोल्यांत तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला हान्जी कागद थरांवर थर चिकटवीत आणि वर तेल पाजलेला जाड कागद बसवीत. भिजवून वाटलेले सोयाबीन आणि पेरिला या वनस्पतीच्या बियांचे तेल घासून त्याला पिवळसर झळाळी आणली जाई. धूर खोलीत येऊ न देणे हेही त्या कागदाचे काम असे. लोक त्याच जमिनीवर बसत आणि झोपत.

माझ्या खोलीत लाकडाला देतात तो अक्रोडी रंग पातळ करून फडक्याने पुसून घेतला आणि तो पूर्ण सुकल्यावर पीयूला सुरुवात केली. पाण्यावर चालणारे पीयू कमी वासाचे असते आणि पिवळेही पडत नाही. तरी पाण्याने फेविकॉल मऊ पडतो, म्हणून थिनरवर चालणारे घेतले. त्याचा मधासारखा पिवळसरपणा खाकी रंगाला शोभूनही दिसतो. खिडक्या सताड उघड्या आणि तोंडावर बाष्प अडवणारा मास्क मात्र हवाच. पहिला हात पातळ दिला, कारण तो कागदात जिरण्यासाठीच असतो. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवतो. चुणीच्या माथ्यावर जोर पडला तर रंग निघून कच्चा कागद उघडा पडतो.

पैशांचा हिशेब पाहिला तर कागद आणि फेविकॉल नगण्य, जवळजवळ सगळा खर्च पीयूचा. तेथे काटकसर करण्यात अर्थ नाही: सहा-आठ हातांखेरीज ही जमीन पुसण्याजोगी होत नाही. उरलेले हात झाले की उंबऱ्यालगतच्या कडेवर पितळी पट्टी बसवायची आहे, कारण पाय घासून कागद प्रथम उचकटेल तो तेथेच. लेप पक्का होईपर्यंत खोलीत कपाट आणणार नाही, आणि आणल्यावरही पायांखाली नमद्याचे तुकडे लावूनच ठेवीन. फडके मात्र घट्ट पिळूनच फिरवायचे, हे घरात आताच सांगून ठेवले आहे.