दोड्डेरीचा पट, नोंद चौथी : तंबूंचा नियम

दोड्डेरीच्या मराठे-मोगल लढाईवर मी सोंगट्यांचा खेळ बनवतोय, त्याची ही नोंद. आधी रडगाणं. गेल्या खेपेला दाखवलेलं पटावरचं तळं फुटलं. वॉर्निशचा पहिला थर वाळायच्या आत दुसरा चढवला आणि सकाळी पाहतो तर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. सगळं खरवडून पुन्हा ओतलं. आता पातळ थर आणि मध्ये दोन दिवसांची सुट्टी. काठावरची खुरटी झुडपं नारळाच्या शेंड्यांची आहेत, ती मात्र झकास जमलीत. गढी अजून कार्डबोर्डचीच आहे.

आता खेळाबद्दल. हा प्रसंग नोव्हेंबर १६९५ चा. राजाराम महाराज तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात, मोगल सरदार झुल्फिकारखान १६९० पासून वेढा घालून बसलेला, औरंगजेब बादशहाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला. मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे लूट घेऊन चालले होते, त्यांना अडवायला मोगल सरदार कासिमखान निघाला आणि त्याच्या मदतीला बादशहाने दरबारातून खानाजादखानाला धाडलं. दोघांना संताजींनी चित्रदुर्गाजवळ दोड्डेरीला कोंडलं.

पहिल्या दोन डावांत मराठ्यांच्या बाजूने माझा नेहमीचा गडी बसला होता. त्याने सगळे घोडेस्वार एकगठ्ठा कासिमखानावर घातले आणि चौथ्या फेरीत पटावरून साफ झाला. दुसऱ्या डावात तेच, फक्त डाव्या बाजूने. मी म्हटलं, "अरे, संताजी असा लढेल का?" तो म्हणाला, "मारलेल्या सोंगटीला गुण देतोस, मग मी मारणारच की." बरोबर होतं त्याचं. समोरासमोरच्या झुंजीचे गुण मीच लावले होते आणि वर गनिमी काव्याची अपेक्षा करत होतो.

मग गुणांचा तक्ता फाडला आणि त्या दिवशी काय घडलं ते पुन्हा क्रमाने मांडून पाहिलं. कासिमखानाने पाहुण्या खानाजादखानाच्या सरबराईसाठी आपले तंबू आणि सोन्याचांदीची भांडी साधारण तीन कोस पुढे पाठवली होती. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एक भाग पहाटे त्या तंबूंवर पडला. ते वाचवायला कासिमखान धावला, त्याच्यासाठी दुसरा भाग वाटेत तयार होता. तिसरा कुणाशीच लढत नव्हता, तो राखीव. खानाजादखान झोपेतून उठून मदतीला निघाला, तेव्हा हाच भाग त्याच्या उघड्या पडलेल्या सामानावर गेला. त्यात चित्रदुर्गच्या नायकाचे बंदूकधारीही मराठ्यांना मिळालेले. दोन्ही खान लढत लढत दोड्डेरीच्या गढीशी पोचले तेव्हा त्यांच्याकडे माणसं होती, पण डोक्यावर कापड नव्हतं आणि दाणागोटा संपत आला होता.

म्हणून आता सोंगटी मारण्याला शून्य गुण. तंबू लुटला की मोगलांना दर फेरीला एक भुकेची चकती. चार चकत्या झाल्या की घोडेस्वार पायदळ म्हणून धरायचे, सहा झाल्या की तह. गढीत धान्य थोडं आणि जागा त्याहून थोडी. तळ्याचं पाणी आहे, पण पाण्याने पोट भरत नाही. जनावरांनी छपरांचं गवत खाल्लं असं वर्णन येतं, म्हणून गढीतल्या खोपट्यांची छपरं मी सुटी ठेवलीत. एकेक उचलायचं. चौथं छप्पर उचलताना समोरच्याचं तोंड बघण्यासारखं असतं!

या नियमावर तीन डाव झाले. दोनदा मराठे जिंकले, एकदा मोगलांनी वेळ काढून नेली. प्रत्यक्षातही शेवट तहानेच झाला : २० लाखांची खंडणी आणि मागे राहिलेलं सगळं सामान. कासिमखान गढीतच मेला. विष घेऊन की अफू न मिळाल्याने, यावर जुन्या लेखकांतच मतभेद आहेत. त्यामुळे खेळात त्याच्यासाठी फासा ठेवलाय.

खेळातल्या सेनापतींच्या गुणांची पानं अर्धवट आहेत. संताजींना शिस्तीचे पाच गुण देताना हात थांबला नाही. निष्ठेपाशी मात्र थांबला. १६९६ मध्ये मराठ्यांचेच सरदार धनाजी जाधव यांच्याशी उघड लढाई, १६९७ मध्ये नागोजी माने यांच्या हातून मृत्यू. याच संताजींनी दोड्डेरीनंतर दोन महिन्यांत बसवापट्टणला मोगल सरदार हिंमतखानालाही आडवं केलं होतं. कडक शिस्तीपायी आपलीच माणसं तुटतात, हे एका आकड्यात कसं बसवायचं ते सुचत नाही. तूर्त शिस्तीचा गुण वापरला की शेजारच्या सरदाराचा एक गुण घटतो, असं ठेवलंय. ओबडधोबड आहे, पण धनाजींचा खेळाडू चिडतो म्हणजे काहीतरी बरोबर असावं.

शेवटच्या डावात मात्र पेच आला. माझा गडी मोगलांकडून बसला आणि पहिल्याच फेरीत त्याने तंबू उचलून मुख्य फौजेच्या मागे नेऊन ठेवले. "मला माहितीये काय होणारे," म्हणाला. कासिमखानाला ते माहीत नव्हतं, हीच तर सगळी गंमत. तंबू पुढे पाठवायची सक्ती केली तर खेळाडूच्या हातात उरतं काय? दोन रात्री डोकं खाजवून पाहुणचाराचा नियम काढला : तंबू पुढे नसतील तर खानाजादखान आपली फौज कासिमखानाच्या हुकमाखाली देणार नाही, दोघांनी वेगळं लढायचं. थाट ठेवायचा की पोट सांभाळायचं ते मोगलांनी ठरवावं.

रविवारी खेळून बघतो. त्याआधी तंबू. टिश्यू पेपर, पातळ केलेला फेव्हिकॉल आणि टाचण्या. एकाला वीस मिनिटं. बावीस झालेत, चाळीस हवेत.