डी'सूझा नाव टाकलं की फॉर्म फुटतो

गुरुवार, रात्र. ठाणे.

आज परत ऐरोलीच्या ऑफिसात इंटरव्ह्यू घेतले आणि डोकं पार सटकलं. बॅकएंडची, म्हणजे सर्व्हरकडचा कोड लिहायची जागा, उमेदवाराच्या रेझ्युमेवर सहा वर्षं, काफ्का, कुबरनेटीस, मायक्रोसर्व्हिसेस अशी सगळी भारी तंत्रं लिहिलेली. विचारलं काय तर फिझबझ. १ ते १०० आकडे छाप, तीनने भाग गेला तर फिझ, पाचने गेला तर बझ, दोन्हीने गेला तर फिझबझ. २००७ पासून जगभर गाजलेला प्रश्न आहे, पाठ करून आलं तरी चालतं. त्याने आधी तीनचा इफ (अट) लावला, मग पाचचा एल्स इफ (आधीची अट लागली नाही तरच बघायची अट), आणि दोन्हीचा, म्हणजे पंधराचा, सगळ्यात शेवटी, म्हणजे तिथपर्यंत कोड कधी पोचणारच नाही, पंधराला नुसतं फिझ येणार. बरं चूक होते, टेन्शन असतं, मान्य. पण आउटपुट समोर दिसत असताना एकेक ओळ वाचून हे का होतंय ते सांगताच येईना, नुसता ओळी वरखाली करत बसला.

याचे परिणाम पुढे काय होतात ते आम्ही रोज बघतोय. दुसऱ्या टीमकडून एक मॉड्यूल आलंय, त्यात वसईच्या एका कस्टमरने आडनाव डी'सूझा टाकलं की फॉर्म फुटतो. कारण नाव सरळ एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) स्ट्रिंगमध्ये चिकटवलंय, मधल्या त्या चिन्हाने कोट बंद होतो आणि क्वेरी मोडते. आज नाव आहे म्हणून नुसती एरर, उद्या कोणी मुद्दाम तिथे डिलीटची कमांड लिहिली तर? यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, त्यावर १९९८ मध्ये फ्रॅक या हॅकर मासिकात छापून आलंय, उपाय पण जुनाच, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे कमांड आणि नाव डेटाबेसला वेगवेगळं द्या, विषय संपला. आणि तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, फिक्स काय केला होता? नावात ते चिन्ह चालणार नाही असं व्हॅलिडेशन. म्हणजे माणसाने आपलं आडनाव बदलायचं!! वाचून मला अक्षरशः लाज वाटली.

एकट्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही. फ्रेशरला आजही तीन-साडेतीन लाखाचं पॅकेज, कित्येक वर्षं तेच चाललंय, मग ट्रेनिंगमध्ये जावाच्या व्याख्या, मग बेंच (प्रोजेक्टविना नुसतं बसणं), मग सपोर्ट प्रोजेक्टवर तिकिटं बंद करायची, कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याने कोड वाचून तपासणं, काय असतं ते कोणी दाखवतच नाही. तिकडे क्लायंटला एक तारखेला माणूस हवा असतो, चांगल्यांचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, मग मी रिजेक्ट लिहिलं तरी फोन येतो, "बघा ना, जमवून घ्या, नंतर ट्रेन करू." ट्रेन कोण करतं? टीममधली दोन वर्षांची मुलगी रात्री उशिरापर्यंत थांबून त्याचा कोड नीट करते आणि मग ठाण्याची लोकल पकडायला पळते. अप्रेझलमध्ये त्याची नोंद नाही. हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे, मला याचाच जास्त राग येतो.

उद्या मॅनेजरला सांगणारे, इंटरव्ह्यूत व्याख्या विचारणं बंद. डी'सूझावाल्या बगसारखं तीसेक ओळींचं फंक्शन द्यायचं, लॅपटॉप द्यायचा, गुगल करू दे, अर्धा तास शेजारी बसायचं आणि कसा शोधतोय ते बघायचं. आणि मी नाही म्हटलं असेल तर फॉर्मवर नाहीच राहील, घ्यायचंच असेल तर सही दुसऱ्याने करावी.