तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यावरण अभियांत्रिकीत नेमकं काय शिकायचं?

"पर्यावरण अभियांत्रिकी शिकून, जिथे धड नळ नाही की गटार नाही अशा वस्त्यांसाठी काम करायचंय. मग कॉलेजात भर कशावर देऊ?" विद्यार्थी हे नेहमी विचारतात. नुसती विषयांची नावं सांगून भागणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

द्रवगतिकी, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांत कच्चं राहून चालणार नाही. पण परीक्षेतल्या गणितात, पाण्यातले जंतू मारायला घालायच्या क्लोरीनची मात्रा आधीच दिलेली असते. वस्तीत ती देणारं कुणी नसतं, आपणच काढायची. ती अशी.

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध, म्हणजे जंतू मारायला कामी येणारा, क्लोरीन असतो. ३० ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवली की १ टक्क्याचं द्रावण होतं. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी वापरायची. टाकीतलंच पाणी चार बादल्यांत दहा-दहा लिटर घ्या. सिरिंजने अनुक्रमे १, १.५, २ आणि २.५ मिलिलिटर द्रावण घाला, ढवळा, झाकून ३० मिनिटं ठेवा. मग त्यातल्या थोड्या पाण्यात डीपीडी गोळी (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) टाकून, रंगावरून शिल्लक क्लोरीन मोजा. ज्या बादलीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास उरला, ती मात्रा धरायची. समजा ती २ मिलिलिटरची निघाली, तर १०,००० लिटरच्या टाकीला २ लिटर द्रावण लागेल, म्हणजे ६० ग्रॅम पावडर.

इथवर सोपं आहे. घोटाळा पुढे होतो. पावडरचं पोतं उघडं राहतं, ओल लागते, महिन्यांमागून महिने जातात आणि क्लोरीन २० टक्क्यांवर येतो. टाकी सांभाळणारा मात्र इमानाने तेच ६० ग्रॅम मोजून घालत असतो. आता पाण्यात लिटरमागे २ नव्हे, १.२ मिलिग्रॅमच क्लोरीन पडतो. त्या पाण्याची स्वतःचीच भूक, म्हणजे त्यातली घाण आणि जंतू खाऊन टाकतात तो क्लोरीन, १.५ मिलिग्रॅमची (२ घातला तेव्हा ०.५ उरला होता), म्हणजे शिल्लक शून्य. वहीत रोजची नोंद चोख, आणि नळाला रोगजंतू. म्हणून नवं पोतं उघडलं, पाऊस सुरू झाला किंवा पाण्याचा रंग बदलला की चार बादल्या पुन्हा मांडायच्या. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून किंवा गाळून घ्या. गढूळपणा ५ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) वर गेला की जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीन वाया जातो. मोजायचं ते टाकीपाशी नव्हे, शेवटच्या नळाला. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळालाच पाहिजे.

झऱ्याचं पाणी मोजायला बादली आणि घड्याळ पुरे. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. पण हे मोजमाप कोरड्या ऋतूच्या अखेरीस घ्या. पावसाळ्यानंतरच्या आकड्यावर बांधलेली योजना ऐन टंचाईत कोरडी पडते.

उताराने येणाऱ्या नळयोजनेत दाबाचं गणित नीट समजून घ्या. १० मीटर उतरलं की दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब. पाइप ६ किलो दाब सोसणारा असेल तर ६० मीटर ही हद्द. पाणी वाहत असताना घर्षणाने दाब कमी होतो, रात्री सगळे नळ बंद झाले की पूर्ण दाब पाइपावर येतो. म्हणून दिवसा ठणठणीत असलेली लाइन रात्री फुटते. उपाय म्हणजे मध्ये दाब तोडणारी टाकी: पाणी तिच्यात उघड्यावर पडतं आणि दाब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. उंचवट्यावर हवा अडकते, तिथे एअर व्हॉल्व्ह. खोलगट जागी गाळ साठतो, तिथे वॉशआउट, म्हणजे गाळ बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह. हे दोन्ही नकाशावर दाखवायचे सहज राहून जातात.

मंद वाळू गाळणीत पाणी तासाला फक्त ०.१ ते ०.३ मीटर उतरतं, आणि शुद्धीकरणाचं बरंचसं काम वरचा जिवंत थर करतो. तो बुळबुळीत दिसतो, म्हणून कुणीतरी घाण समजून सगळी वाळू खळाळून धुतं आणि गाळणी निकामी होते. वेग मंदावला की वरचे १-२ सेंटीमीटरच खरवडायचे, वाळू कधी कोरडी पडू द्यायची नाही, आणि थर पुन्हा तयार होईतो काही दिवस ते पाणी प्यायला द्यायचं नाही.

रसायनशास्त्र टाळू नका, हे कळकळीने सांगतो. बांगलादेशात तळ्या-डबक्यांतल्या जंतूंपासून सुटका म्हणून कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ दिसत होतं, जंतूही कमी होते, पण अनेक ठिकाणी त्यात आर्सेनिक निघालं. ते चवीला, वासाला कळत नाही, आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींत वेगवेगळं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. प्रत्येक विहीर वेगळी तपासायची, दुसरी वाट नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नवं यंत्र शोधू नका असं मला वाटतं. बंद पडलेला एक हातपंप निवडा. तो उघडून पाहा, झिजलेला वायसर हातात घ्या. तो वायसर कुठे मिळतो, पैसे कोण देतं, पाना कुणाच्या घरी असतो, हे विचारा. विचारायचं ते रोज पाणी भरणाऱ्या बायकांना. पंप कोणत्या दिवशी जड जायला लागला ते त्यांना ठाऊक असतं.